पाण्याला भिणारा बाबल बोटीवर निघाला

माझ्या बायकोबरोबर मी केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे तिच्या भावाला झोपाळ्यावर बसवून हलवणं. भाऊ काही लहान नव्हता. साठी उलटलेला बाप्या होता. मांडीवर ताट, ताटात भात आणि बांगड्याचं तिखलं, अंगात नारिंगी फुगीर लाइफ जॅकेट. सुलू मागून ढकलत होती, मी पुढून परत पाठवत होतो.

"भावजी, जरा वाकडो ढकला," तो घास गिळत म्हणाला. "दर्यातली लाट सरळ येणा नाय."

मी वाकडा ढकलला. तिखलं त्याच्या जॅकेटवर सांडलं आणि एक बांगडा मांजराने पळवला. सुलू हसून हसून खांबाला टेकली. "खा रे बाबल्या, खा," ती म्हणाली, "बोटीत मांजर तरी नसतला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीत पडली. कणकवलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली. ते सांगायचं तेवढं सांगून टाकलं. आता बाबलाकडे वळतो, कारण हे लिहायला बसलो ते त्याच्यासाठी.

बाबल मूळचा नांदगावच्या बाजूचा, दर्यापासून लांब. भात, काजू, चार आंब्याची झाडं, असं घर. नोकरी जमीन मोजणीच्या ऑफिसात. साहेब नकाशा बघायचा आणि बाबल साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून पळायचा. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ट्रंक घेऊन आमच्याकडे मिठबावला आला. सुलूला म्हणाला, "बाय, चार दिवस ऱ्हवतंय." ते चार दिवस अजून चाललेत.

आयुष्यभर साखळी धरल्यामुळे त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. कुठलीही गोष्ट निघाली की तो बोट वर करून म्हणायचा, "हद्द खंय ता आधी बोला." शेजाऱ्यांचं काजूच्या झाडावरून भांडण लागलं की हा मध्ये, "हद्द खंय?" सुलूने भातावर कढी वाढली की ताटात बोटाने रेघ मारायचा, "बाय, ही हद्द. कढी हेच्या पलीकडे." आमची खाट आणि त्याची खाट यांच्यात मधोमध खडूची रेघ होती. माझं घोरणं त्या रेघेच्या अलीकडे राहावं अशी त्याची अपेक्षा होती. मी गवंडी माणूस. ओळंब्यात नसलेला चिरा मला बघवत नाही. पण हा चिरा बायकोच्या माहेरचा, काढून टाकता येईना.

आणि हा बाबल पाण्याला भ्यायचा. दर्या आमच्या घरापासून हाकेवर, पण इतक्या वर्षांत त्याचा पाय कधी ओल्या वाळूला लागला नाही. कोरड्या वाळूत उभा राहून दर्याकडे बघायचा, सावकाराकडे बघावं तसा. आंघोळीलाही तांब्या अंगापासून लांब धरून पाणी फेकून घ्यायचा. का भितोस म्हणून मी कधी विचारलं नाही. नांदगावकडच्या माणसाने दर्याला भ्यायचं नाही तर कोणी भ्यायचं?

तर अशा माणसावर बोटीची पाळी कशी आली ते ऐका. आमची एकुलती एक लेक वैशाली मुंबईला असते. जावई टुरिस्ट कंपनीत आहे. तिने ठरवलं की आईबाबांनी घर आणि देऊळ सोडून काही बघितलं नाही, त्यांना बोटीने फिरवायचं. लहानसहान बोट नाही. मुंबईहून निघायचं, भर दर्यातून पार आफ्रिकेच्या कडेने जायचं, बेटं बघत बघत महिन्याने परत. बोटीत हॉटेल, दवाखाना, नाटकगृह, पोहायचा तलाव. मी म्हटलं, चारी बाजूला दर्या असताना तलाव कशाला? लेक म्हणाली, बाबा, तुम्ही गप्प बसा.

सुलू तयार झाली, पण एका अटीवर. "बाबल इलो तर मी येतलंय. तेका हय एकट्याक ठेवलंय तर तो पेज करपवून घर जाळीत."

बाबलाला हे कळलं तेव्हा तो ओसरीचा खांब धरून बसला. जेवायला उठला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच चहा घेऊन म्हणाला, "बरा तर. तयारी करूक व्हयी."

तेव्हापासून आमच्या घरात शांतता म्हणून राहिली नाही.

पहिलं काम त्याने काय केलं, तर गुरवाला गाठलं. आमच्याकडे गावाची हद्द म्हणजे देवाची हद्द. त्या हद्दीत माणसाला सांभाळायला राखणदार असतो. वेस ओलांडताना त्याला नारळ ठेवून सांगायचं, मी जातो, लक्ष ठेव. हे सगळेच करतात. पण बाबलाने गुरवाला विचारलं, "दर्याच्या बाजूक आपल्या देवाची हद्द खंयसर?"

गुरव गोंधळला. इतक्या पिढ्यांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. डोकं खाजवून म्हणाला, "भरतीचा पाणी येता थंयसर."

"आणि ओहोटी झाल्यार? देव पुढे सरकता?"

गुरवाने घंटा पुसायला घेतली.

मग बाबलाने मच्छीमारांना विचारलं. एक म्हणाला जाळं टाकतो तिथवर. दुसरा म्हणाला दिसतं तिथवर. ही तफावत बाबलाला झोपू देईना. शेवटी त्याने वैशालीला फोन लावला.

"बाय माझ्ये, बोटीचो राखणदार कोण?"

"मामा, कॅप्टन असतो ना."

"कॅप्टन झालो मानकरी. मी राखणदार इचारतंय. भर दर्यात गाऱ्हाणा घालूचा झाला तर कोणाच्या नावान घालूचा?"

"मामा, तिथे इन्शुरन्स असतो."

बाबलाने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "पोरगी शिकली आणि फुकट गेली."

लाइफ जॅकेट त्याने तारकर्लीहून आणलं. तिथे टुरिस्टांना होडीतून फिरवणारा एक ओळखीचा होता. त्याने जुनं, एक पट्टा तुटलेलं जॅकेट दिलं आणि सांगितलं, सवय होईपर्यंत घालून बसा. बाबल ते घालून बसला, उठला, विहिरीवर गेला आणि एसटीतूनसुद्धा गेला. देवगडच्या गाडीत कंडक्टरने त्याला वर-खाली बघितलं.

"काय ओ काका, गाडी बुडतली असा वाटता?"

"रस्त्यातले खड्डे बघितलात? पाणी किती आसा तेंच्यात?"

"मगे पुढच्या सीटवर बसा. पयले तुम्ही बुडा, म्हणजे आमका खोली कळात."

सगळी गाडी हसली. बाबल पुढच्या सीटवर जाऊन बसला, कारण तिथून त्याला खड्डा आधी दिसत होता.

मग बोटीवरच्या रीतीभाती. त्या त्याने मोबाईलवर बघितल्या. बोटीत एका संध्याकाळी सगळ्यांनी कोट घालून जेवायचं असतं. त्याने साहेबाच्या मुलीच्या लग्नात शिवलेला कोट काढला. बटण लागेना, म्हणून सुलूने मागून उसवून मध्ये गोधडीचा तुकडा घातला. तो कोट घालून, काटा-चमचा घेऊन हा बांगडा खायला बसला. बांगडा ताटातून उडून माझ्या मांडीवर आला.

"बाबल्या," मी म्हटलं, "हातान खा. काट्यान काट्याक बोचतस कित्याक?"

"सरावान येतला, भावजी."

"तवसर माका धोतर बदलीत ऱ्हवाचा लागतला."

सुलू ह्या सगळ्याला खतपाणी घालायची. तिला भाऊ म्हणजे करमणूक होती आणि भावालाही ते ठाऊक होतं. ती हसली की तो जास्त चेकाळायचा. तिचं हसणं ऐकून मीही हसायचो, पण तोंड फिरवून. मेव्हण्यासमोर हसलं की तो डोक्यावर बसतो.

मग ती गेली. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. बाबल ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसून होता. रडला नाही. जॅकेट, कोट, काटे-चमचे सगळं ट्रंकेत गेलं होतं. वैशाली जाताना म्हणाली, "बाबा, बोटीचं मी अजून रद्द केलेलं नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा." मी म्हटलं, आताच सांगतो, रद्द कर. ती म्हणाली, महिनाअखेर सांगा.

माणसं गेली. मी बाजेवर आडवा झालो तो आडवाच राहिलो. उठावंसं वाटेना. उठून करायचं काय? दर्यावर जायचं तर रोज आम्ही दोघं जायचो. मासळी आणायची तर भाव तीच करायची, मी नुसता पिशवी धरायचो.

आणि अशात एका सकाळी माझ्या बाजेच्या पायथ्याशी आवाज झाला. बाबल लाइफ जॅकेट घालून उभा होता.

"एक्सक्यूज मी," तो म्हणाला.

"काय?"

"बोटीत कोणाच्या आडवा जावचा झाला तर असा म्हणतत. पाय वर घेवा. ट्रंक सरकवची आसा."

माझं डोकं फिरलं. "बाबल्या, तुझी भैण मेली रे. तुका बोट सुचता?"

"कोण मेला ता माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पाय घेवा वर."

त्या दिवसापासून त्याने पुन्हा सुरू केलं, आणि पहिल्यापेक्षा वाईट. ओसरीवर एक फळी दोन नारळांवर ठेवली आणि तिच्यावर चालायला लागला, बोटीत तोल जाऊ नये म्हणून. पडला की मला हाक, "भावजी, हात देवा." मी शिव्या देत उठायचो. कोकमं, सुकी सुंगटं, कुळथाची पिठी, उकडे तांदूळ, बोटीत न्यायचं सगळं माझ्या बाजेवर मांडायचा. "हय उजेड बरो पडता." मी ते ढकलायला उठायचो. पेज करायचा ती खारट. "बोटीतल्या जेवणाची सवय," म्हणायचा. एकदा तर मला इतका संताप आला की त्याच्या हातातलं पातेलं हिसकावून मीच चुलीशी बसलो आणि पिठी केली. दोन वाट्या तो प्याला, एक भरून माझ्यासमोर ठेवली. रागारागात मीही प्यालो.

शेजारची पारूवहिनी कुंपणावरून सगळं बघत होती. एकदा न राहवून म्हणाली, "काय ओ हे? भैणीची राख निवाक नाय आणि ह्यो कोट घालून काट्यान जेवता. फुकटची बोट चुकात म्हणान जीव चललोहा."

मलाही तेच वाटत होतं. सुलूने त्याला मुलासारखा वाढवला. आई लवकर गेली तेव्हा हीच त्याची आई. आणि हा गडी बोटीच्या तिकिटापायी तिचा शोकही नीट करेना. मी मनात ठरवलं, महिनाअखेर वैशालीला साफ नाही म्हणून सांगायचं. बोट गेली की ह्याला सांगायचं, ट्रंक उचल आणि नांदगावला जा. मग मी आणि बाज.

महिनाअखेर आली. वैशालीचा फोन आला, बाबा, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोच बाबलाने फोन काढून घेतला. "देवाक इचारून सांगतत," म्हणाला आणि बंद केला.

मग मला म्हणाला, "भावजी, माका गाऱ्हाणा घालूचा आसा. नारळ घेवन चला माझ्यावांगडा. माझो गुडघो दुखता."

फळीवरून पडून पडून दुखत होता. मी गेलो. गेलो त्याचंही कारण होतं. मला देवासमोर उभं राहून सांगायचं होतं, की मी जाणार नाही, आणि ह्याला पण तू समज दे.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत अशी. ज्याला देवाला काही सांगायचं आहे तो गुरवाच्या कानात सांगतो. गुरव ते मोठ्याने देवाला ऐकवतो. प्रत्येक वाक्य संपलं की तिथे असतील नसतील ते सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुमचं काम असो वा नसो. जीभ आपोआप म्हणते. मी लहानपणापासून म्हणत आलोय. कोणाच्या म्हशीसाठी, कोणाच्या लग्नासाठी, कोर्टातल्या कोणाच्या दाव्यासाठी.

देवळात चार-पाच माणसं होती. पारूवहिनीही तुळस वाहायला आली होती. बाबल गुरवाच्या कानाशी लागून पुटपुटला. गुरवाने नारळ हातात घेतला आणि पट्टीचा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या बाबलान तुझ्या पायाशी नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तेची बाय तुझ्या हद्दीतसून गेली म्हाराजा. तिका बरी जागा दी."

"व्हय म्हाराजा."

बाबल पुन्हा पुटपुटला. गुरव जरा थांबला, त्याच्याकडे बघितलं, मग बोलला.

"तिचो घो बाजेवर पडलो हा म्हाराजा. तो उठना नाय, भायर पडना नाय. राग इलो तरच जेवता. ह्या बाबलाक तेका आता आणखी राग आणूक सुचना नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात माझाही आवाज होता. म्हणून झाल्यावर मला कळलं कोणाबद्दल चाललंय ते.

"तेका ह्या बोटीत बसव म्हाराजा. घरात तेका खयच्याय कोपऱ्यात ती दिसता. महिनोभर तरी जी जागा तिना बघूक नाय अशा जाग्यार तेका ऱ्हवूंदे."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी मी दात आवळले होते. तरी जीभ गेलीच.

बाबलाने मान खाली घातली आणि इतक्या हळू बोलला की गुरवाला ऐकू गेलं नाही. "मोठ्यान सांग रे," गुरव म्हणाला. बाबलाने परत सांगितलं. आता ते आम्हालाच ऐकू आलं, तरी गुरवाने रीतीप्रमाणे देवाला ऐकवलं.

"तुझी हद्द भरतीच्या पाण्यापर्यंत म्हाराजा. थंयसून पुढे भावजीची राखण ह्यो करतलो. पण हेका पाण्याचा भ्या आसा म्हाराजा. लय भ्या आसा. ता थोडा कमी कर."

मग पारूवहिनी सगळ्यात आधी म्हणाली, "व्हय म्हाराजा." पदर तोंडाला लावून म्हणाली.

गुरवाने नारळ फोडला. मला माझं जे सांगायचं होतं ते राहून गेलं.

देवळातून आम्ही घराकडे निघालो. मग बाबल म्हणाला, "भावजी, तुम्ही व्हय म्हटलात."

"माका वाटला दुसऱ्या कोणाचा चललाहा."

"देवासमोर म्हटलात."

"तू मेल्या पाण्याक भितस, ता सगळ्या गावाक सांगलंस."

"गावाक नाय. देवाक सांगलंय."

"मधी गुरव होतो."

"गुरवाक पण गुडघ्यापर्यंत पाणी सोसना नाय," बाबल म्हणाला. "तो कोणाक सांगूचो नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. चूल पेटवली, चहा केला, दोन कप. वैशालीला फोन लावून सांगितलं, तीन खाटांची खोली नको, दोन खाटांची बघ. फोन ठेवला. मग बाबलाच्या दंडाला धरलं आणि त्याला दर्यावर नेलं. जॅकेट घालू दिलं नाही. कोरडी वाळू संपली तिथे तो थांबला. मी ओढला. पाणी घोट्याला लागलं तशी त्याने माझं मनगट असं धरलं की बोटं रुतली. गुडघ्यापर्यंत गेलो. लाट आली आणि आमच्या मागे जाऊन फुटली. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"उघड डोळे."

त्याने एक उघडला. समोर दूरवर एक होडी होती, बाकी नुसतं पाणी.

"झाला?" तो म्हणाला. "जावया घराक?"

ती गेल्यापासून माझेही पाय पहिल्यांदाच पाण्यात होते. वाळू तळव्याखालून सरकत होती.

"थांब जरा," मी म्हटलं.